लाँग रन पहाटे की संध्याकाळी?
फेब्रुवारीतच बडोद्यात असं ऊन तापायला लागलं की 25-30 किमी पळायचं कधी? मी तर म्हणेन पहाटेच, कारण सूर्योदयाच्या आसपास हवा सगळ्यात गार असते, कमाटीबागेकडे ट्रॅफिकही नसतं, फक्त दमटपणा जास्त म्हणून घाम पटकन सुकत नाही आणि उशिरा निघालात तर शेवटचे किमी, म्हणजे नेमके पाय गळाल्यावर, डोक्यावर ऊन (कुत्री मागे लागतात ते वेगळंच). संध्याकाळी उलटं, हळूहळू गार होत जातं, झोपही पूर्ण होते, पण दिवसभर तापलेला डांबरी रस्ता खालून भाजतो आणि मांडवीकडची गर्दी तर विचारूच नका. 8-10 किमीला चालेल संध्याकाळ. पेस (दर किमीला लागणारा वेळ) मात्र दोन्ही वेळी विसरा, हार्ट रेट बघा, आणि नुसतं पाणी नको, ओआरएस ठेवा सोबत.