टोमॅटो लाल करणारी ‘हर्बल’ पुडी: गच्चीवर बाग असणाऱ्यांनी कृपया वाचा

इंदूरला जानेवारीत गच्चीवरचे टोमॅटो आकाराने पुरते भरतात आणि मग कितीतरी दिवस हिरवेगारच लटकत राहतात. कुंड्या लावणाऱ्या प्रत्येकाला याचा अनुभव आहे. आमच्याकडे रोपांची हातगाडी घेऊन येणाऱ्या एका माणसालाही हे पक्कं ठाऊक होतं आणि त्याने त्यावरच धंदा केला. या हिवाळ्यात आमच्या कॉलनीत बऱ्याच घरी त्याने टोमॅटो पिकवायच्या पुड्या विकल्या. त्या पुडीत काय होतं ते कळल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही.

माणूस अनोळखी नव्हता. पावसाळ्यापासून येत होता. मिरचीची, शेवंतीची रोपं चांगली निघाली, शेणखत वाळवून चाळलेलं असायचं. एकदा तर मी मागितलेलं रोप त्याने दिलंच नाही. “ये आपकी छत पे नहीं चलेगा, आंटीजी,” म्हणाला. हातातलं गिऱ्हाईक सोडणाऱ्यावर माणूस विश्वास ठेवतोच.

जानेवारीत आला तो वर येऊन एकेक टोमॅटो दाबून पाहू लागला. “इनको ठंड का रोग लग गया है. आठ दिन में सब टपक जाएँगे.” मग पिशवीतून दोन टोमॅटो काढले, एक हिरवा, एक लालबुंद. म्हणे एकाच फांदीचे, लाल झालेला पुडीतला. पुडी म्हणजे कागदी पाकीट. त्यावर हिरवं पान आणि ‘शुद्ध हर्बल’ एवढंच छापलेलं. बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, आत काय आहे ते नाही. सोबत झाडावर फवारायची एक बाटली. दोन्ही मिळून सहाशे रुपये. ह्यांनी “यात आहे तरी काय?” असं विचारलं, तर उत्तर तयार होतं: “कृषि कॉलेज वाले खुद यही देते हैं, बाबूजी.”

या एका वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. 1924 मध्ये इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला शेतीची संशोधन संस्था उभी केली. यशवंत वाड यांच्या साथीने त्यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्र आणि माती यांचे थर देऊन खत करण्याची जी रीत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. तीच संस्था पुढे आपलं कृषी महाविद्यालय झाली. इथल्या जुन्या घरांतून हे अभिमानाने सांगितलं जातं, म्हणून कॉलेजचं नाव निघालं की माणूस पुढे विचारत नाही. तिथून असली पुडी कोणी देत नाही. नाव नुसतं वापरलं गेलं.

वापरायची कृती अशी सांगितली होती: हिरवे टोमॅटो तोडून खोक्यात ठेवा, पुडी ओल्या फडक्यात बांधून मध्ये ठेवा, खोकं बंद करा. खोकं स्वयंपाकघरात, ओट्याखाली होतं. संध्याकाळपर्यंत घरात लसणासारखा उग्र वास सुटला. फडकं हाताला चक्क गरम लागत होतं.

त्या वेळी भाचा आला होता. दारातूनच म्हणाला, “मावशी, गॅस लावू नकोस. हा कार्बाइडचा वास आहे.” त्याला कसं कळलं हे सांगायला नको. 2025 च्या दिवाळीत आपल्या मध्य प्रदेशात कार्बाइड गनमुळे, म्हणजे कार्बाइडच्या खड्यांवर पाणी टाकून बार उडवणाऱ्या पाइपच्या तोफेमुळे, कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली, त्याच्या ओळखीतल्या एका मुलालाही झाली होती. हा तोच दगड, भुगा करून पुडीत भरलेला. कॅल्शियम कार्बाइडला पाणी लागलं की ॲसिटिलीन वायू निघतो. वेल्डिंगला वापरतात तो, भसकन पेट घेणारा. आणि आम्हाला तो ओल्या फडक्यात बांधायला सांगितला होता, शेगडीपासून हातभर अंतरावर! बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, म्हणून आपल्या देशात त्याने फळं पिकवायला बंदी आहे. परवानगी इथिलीन वायूला आहे, जो पिकणारी फळं स्वतःही सोडतात, तीही 100 पीपीएमपर्यंतच, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग.

टोमॅटोंचं म्हणाल तर वरून पिवळट-केशरी डाग आले, खांदे हिरवेच राहिले. चिरले तर आत टणक, बिया पांढऱ्या. सगळे फेकले. बाटलीतलं पाणी झाडांना लावलंच नाही.

आता त्या ‘रोगा’बद्दल. थंडीने टोमॅटो लाल होत नाही हा रोग नव्हे. लाल रंग देणारं लायकोपीन 20 ते 25 अंशांच्या आसपास उत्तम तयार होतं. रात्री 10 अंशांखाली जाऊ लागल्या की ते काम जवळजवळ थांबतं. उलट मे महिन्यात, पारा 30 च्या वर गेला की फळं पिवळी-केशरीच राहतात. झाड ठणठणीत असतं. फळाच्या बुडाशी फिकट गुलाबी किंवा पिवळसर छटा दिसली की तोडून घ्यावं, आता ते घरातही पिकतं. कागदी पिशवीत एका पिकलेल्या केळ्यासोबत ठेवा, कारण केळं स्वतःच इथिलीन सोडतं. पिशवी घरातल्या त्यातल्या त्यात उबदार कोपऱ्यात असू द्या. ऊन दाखवायची गरज नाही, आणि कच्चा टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवू नका. अगदी हिरव्या फळाबद्दल शंका असेल तर एक मधोमध चिरून बघा. आत गर बुळबुळीत झाला असेल आणि बिया सुरीखाली न कापता बाजूला सरकत असतील, तर झाडावरची तशी फळं घरात पिकतील. बिया कापल्या गेल्या तर ती कोवळी आहेत, कशानेही पिकणार नाहीत. केळ्याने नाही आणि पुडीने तर नाहीच.

तो माणूस पुन्हा आला नाही, फोनही बंद. पैसे यूपीआयने दिले होते, पण समोर आलेलं नाव त्याने सांगितलेल्या नावाहून निराळं. त्याचा स्क्रीनशॉट जोडून ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली आहे. शेजारच्या काकूंनी रोखीने घेतली, त्यांच्याकडे दाखवायला काहीच नाही, निदान रिकामं पाकीट तरी जपून ठेवा असं मी त्यांना सांगितलं.

तुमच्या घरी अशी पुडी असेल तर ती पाण्यात टाकू नका, मोरीत ओतू नका, ओल्या कचऱ्यात तर अजिबात नको. कोरड्या, झाकणाच्या डब्यात बंद करा, मुलांच्या हाताला लागू देऊ नका. सकाळी कचऱ्याची गाडी आली की घातक कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्याकडे बोट दाखवून, आत कार्बाइड आहे असं गाडीवरच्या भैयाला स्पष्ट सांगून द्या. आम्ही तसंच दिलं. त्यानेही डबा इतर कचऱ्यापासून वेगळा ठेवला.