सोसायटीचा मैलापाण्याचा पंप: टाकीत बुडवायचा की कोरड्या खड्ड्यात बसवायचा?

नेरूळ-वाशीकडच्या जुन्या सोसायट्यांत पंप बदलायची वेळ आली की कमिटीपुढे दोन कोटेशनं येतात. एकात सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारा पंप, थेट टाकीत. दुसऱ्यात टाकीला लागून कोरडा खड्डा आणि त्यात पंप. आकडा बघून सही होते. पंप तुंबल्यावर माणूस कुठे उभा राहणार, हे कुणी विचारत नाही.

हा प्रश्न जुनाच आहे. लाकडी जहाजांत मुख्य डोलकाठीपाशी पंपांभोवती तळापर्यंत फळ्यांची खोली ठोकत. भारासाठी भरलेले दगड-वाळू आणि सांडलेलं धान्य पंपात जाऊ नये म्हणून. पंप मात्र पाण्यातच. सुतार वरून मापपट्टी सोडून पाणी मोजायचा. बिघाड झाला की कुणाला तरी आत उतरावं लागे आणि तिथल्या कोंडलेल्या हवेनं खलाशी मेलेसुद्धा.

लंडनच्या क्रॉसनेस पंपिंग केंद्रात १८६५ मध्ये मैलापाणी उपसायला लागलेल्या चार अवजड इंजिनांना पाण्यात बुडवायची सोयच नव्हती. वाफेवरची ती! पुढे मैलापाण्याच्या केंद्रांत विहिरीचे दोन भाग करणं रुळलं: एकात घाण, भिंतीपलीकडे कोरड्यात पंप.

कोरड्या खड्ड्यातला पंप डोळ्यासमोर असतो. सील गळतंय, बेअरिंग वाजतंय, लगेच कळतं. पण खड्डा टाकीइतकाच खोल हवा, म्हणजे पंपात पाणी आपोआप भरलेलं राहतं. खर्च वाचवायला पंप वर जमिनीवर घेतला, तर फूट व्हॉल्व्हमध्ये (टाकीतल्या पाइपच्या टोकाची एकतर्फी झडप) चिंधी अडकली की पाणी उतरतं आणि पंप नुसता फिरतो. शिवाय खड्डा बेसमेंटमध्ये असेल, तर भरतीच्या वेळच्या मुसळधार पावसात साधी मोटर बुडालीच म्हणून समजा.

सबमर्सिबलला बुडण्याची भीती नाही, जागाही कमी लागते. म्हणून लहान सोसायटीला मी तोच सांगेन, पण गाइड रेल (पंप वर-खाली सरकवायचा उभा दांडा) आणि साखळीसकट. झाकण उघडून साखळीनं पंप वर ओढायचा, इम्पेलरला (पंपातल्या फिरत्या पात्याला) गुंडाळलेलं सॅनिटरी पॅड नाहीतर पोछा काढायचा, रेलवरून परत सोडायचा. आत कुणी उतरायचं नाही. रेल नसेल तर ठेकेदार माणूसच उतरवतो. टाकीतला विषारी वायू क्षणात आडवा करतो आणि सुरक्षासाधनांशिवाय माणसाला असं उतरवण्यावर हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने बंदीही आहे.

मोठ्या संकुलात, पाणी तुंबत नाही अशी जागा असेल तर कोरडा खड्डा परवडतो. त्यालाही जिना आणि हवा खेचणारा पंखा लागतोच. जड वायू तळाशी साचतो, म्हणून पंख्याचा पाइप तळापर्यंत न्यायला सांगा.

पंप कुठलाही घ्या, टाकीच्या तोंडाशी वर उचलता येणारी जाळीची टोपली लावून घ्या. कोटेशनमध्ये ती बहुधा नसतेच.