एक टनाची मुरघास बॅग: दुष्काळी गोठ्याला किती कामाची?

आटपाडी, सांगोला, जत, माण या पट्ट्यात वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही दोन-तीन झडींत. सप्टेंबरात बांधावर हिरवं मावत नाही आणि मार्चपासून गव्हाणीत कडब्याखेरीज काही दिसत नाही. २०१३ आणि २०१९च्या उन्हाळ्यात छावणीत उसाच्या वाढ्यांवर जनावरं जगली, पण दूध आटलं. वाढ्यात प्रथिनं कमी आणि ऑक्झलेट जास्त, ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. सप्टेंबरातली ओल जूनपर्यंत राखून ठेवायचं साधन म्हणून मुरघासाची, म्हणजे हिरवा चारा कापून हवाबंद मुरवायची, बॅग बाजारात आली. ३ ते ६ दुभत्या जनावरांच्या गोठ्याला ती खड्ड्यापेक्षा सोयीची आहे, कारण एवढ्या जनावरांना खड्डा उघडल्यावर वेळेत संपवता येत नाही. म्हणून बॅग घ्यावी. मात्र बॅगेवर छापलेला टनाचा आकडा पाहून घेऊ नये, आतलं अस्तर पाहून घ्यावी.

आधी मापाचं बघू. पायानं नीट तुडवलेला मक्याचा मुरघास १ घनफुटात १५-१६ किलो बसतो. ४ फूट व्यास आणि ५ फूट उंचीच्या बॅगेत ६३ घनफूट जागा असते, म्हणजे ९५० ते १००० किलो माल. हिला टनाची बॅग म्हणायला हरकत नाही. पण साडेतीन फूट व्यासाची, तेवढ्याच उंचीची बॅगही टनाची म्हणून विकली जाते. तिच्यात ४८ घनफूट जागा, म्हणजे पावणेआठशे किलोच्या पुढे काही जात नाही. दुकानात टेप नेऊन व्यास मोजावा. बॅग सपाट पसरून रुंदी मोजली आणि तिला दीडनं भागलं की व्यास जवळपास येतो.

आता अस्तर. बाहेरची विणलेली पिशवी फक्त वजन पेलते, तिच्या विणीतून हवा सहज आत जाते. हवा अडवतं ते आतलं प्लास्टिक. ते किमान १०० मायक्रॉनचं हवं. पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नये, खरी जाडी वजनकाट्यावर पकडता येते. ४ फुटी बॅगेला तळाची घडी आणि वरची गाठ धरून साडेनऊ फूट लांबीची नळी लागते. १०० मायक्रॉनची अशी नळी १ किलोच्या आसपास भरते. काट्यावर अर्धा किलो दिसली तर ती ५० मायक्रॉनची आहे हे उघड आहे, आणि तसलं अस्तर भरताना कुट्टीच्या टोकदार धाटांनीच भोसकतं. बॅग चांगली आणि अस्तर पातळ असेल तर बॅग घ्यावी आणि अस्तर वेगळं विकत आणावं. बाहेरची पिशवी सावलीत २-३ हंगाम टिकते, अस्तर मात्र दर हंगामाला नवं. समजा बॅग १००० रुपयांची आहे आणि २ हंगाम चालली, तर किलोमागे ५० पैसे पडतात. अस्तराचा खर्च त्यावर. नासलेल्या टनभर मक्यापुढे हा खर्च काहीच नाही.

काही बॅगांना खाली माल काढायला खिडकी असते, चेनची किंवा दोरीची. ती घेऊ नये. विकताना सोय दिसते, पण खालून काढायला लागलं की वरचा थर सैल होऊन खचतो, फटींतून हवा शिरते आणि आठवड्यात सगळी बॅग तापते. माल वरून, सपाट थर उतरवतच काढायचा.

बॅग कितीही चांगली असली तरी चुकीच्या दिवशी कापलेला मका ती वाचवू शकत नाही. कणसातला दाणा दुधातून चिकात गेला, नखानं दाबला की दूध उडण्याऐवजी घट्ट पिठूळ चीक येतो, तेव्हा कापणी करावी. आफ्रिकन टॉलसारख्या चाऱ्याच्या मक्याला ही वेळ साधारण ७५-८० दिवसांनी येते. त्या वेळी झाडात ६५ ते ७० टक्के पाणी असतं. खात्री करायची तर कुट्टी मुठीत घट्ट दाबून अर्ध्या मिनिटानं मूठ उघडावी. बोटांतून पाणी निथळलं तर चारा फार ओला आहे, तळाशी पाणी साचून काळा चिखल होणार. गोळा हळूहळू सुटला आणि तळवा नुसता ओलसर झाला तर लगेच भरावं. गोळा बांधलाच नाही तर वाळलंय, कितीही तुडवलं तरी हवा निघणार नाही. ओल्या चाऱ्याला कापून ४-५ तास सुकवणं हा साधा उपाय आहे. वाळलेल्याला बारीक कुट्टी आणि पाण्याचा हलका शिडकावा देऊन थोडंफार सावरता येतं.

कुट्टी दीड ते दोन सेंटिमीटरची हवी. कडबाकुट्टीची पाती बोथट असली की धाट कापलं न जाता फाटतं, लांब तुसं निघतात आणि तीच अस्तराला भोकं पाडतात. भरायच्या दिवशी पात्यांना धार लावून घ्यावी, सुरीपट्टीतलं अंतर तपासावं. टनाची भरलेली बॅग पुन्हा हलत नाही, म्हणून ती जिथे ठेवायची तिथेच उभी करून भरायची. जागा सावलीची, भिंतीपासून फूट-दीड फूट सुटी, खाली खडे वेचून बारीक वाळूचा थर. ४ ते ६ इंचांचा एकेक थर टाकून अनवाणी तुडवायचं, आणि सुरुवात कडेपासून करायची. माणूस मधोमध उभा राहून नाचतो आणि कडेचा वीतभर पट्टा सैल राहतो. उघडल्यावर पांढरी बुरशी अंगठीसारखी गोल दिसते ती इथलीच. एक बॅग एकाच दिवसात भरून तोंड बांधून मोकळं व्हावं. तोंडाचा पीळ घालून तो उलटा दुमडावा आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळावा. सुतळी प्लास्टिक कापते आणि सैलही पडते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बॅग फुगते. घाबरून टोचू नये, तो आंबण्याचा वायू आहे आणि आठवडाभरात बसतो. ताण पडलेल्या पिकाच्या बॅगेतून कधी तपकिरी-पिवळसर, झोंबणारा वायू निघतो. तो विषारी असतो, तिथे तोंड नेऊ नये. माल थोडा खाली बसला म्हणून बॅग उघडून वर नवीन कुट्टी टाकणं ही सगळ्यात महाग चूक. संपत आलेलं आंबणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं आणि वरचा फूटभर हमखास नासतो.

बॅगेसोबत कल्चरची (आंबवणाऱ्या जिवाणूंची) पुडी आणि मिठाची शिफारस येते. मक्यात मुळातच पुरेशी साखर असते, चांगल्या चिकातल्या मक्याला दोन्ही नसलं तरी चालतं. नेपिअर किंवा कोवळ्या चाऱ्याला मात्र टनामागे २० किलो उसाची पातळ मळी (मोलॅसिस), तेवढ्याच पाण्यात कालवून, थराथरावर शिंपडावी. लसूणघास एकटा भरू नये, त्यात साखर कमी असते आणि आम्लता चढू न देण्याचा गुण असतो. मक्याच्या ४ भागांना चवळीचा १ भाग चांगला जमतो, प्रथिनं वाढतात.

पाणी कमी असलेल्या रानात मक्याचा हट्ट सोडून ज्वारी भरणं शहाणपणाचं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले अमृता, फुले गोधन हे वाण चाऱ्यासाठीच काढलेले आहेत. ज्वारीला दोन धोके आहेत आणि दोन्ही दुष्काळातच वाढतात. पहिला किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा. फुलोऱ्याआधीच्या कोवळ्या किंवा सुकून पुन्हा फुटलेल्या ज्वारीत धुरीन असतं, त्यापासून पोटात हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. ५० टक्के फुलोऱ्यानंतर कापलं आणि दीड महिना मुरवलं की हा धोका बराच उतरतो, तरी बॅगेतून काढलेला चारा थोडा वेळ पसरून मगच घालावा. दुसरा नायट्रेट. ताणावरच्या पिकाला एकदम पाऊस मिळाला की मुळं नत्र भरभर ओढतात आणि ते खालच्या पेरात साचतं. अशा पावसानंतर ४-५ दिवस कापणी थांबवावी आणि जमिनीपासून वीतभर खुंट ठेवून कापावं. मुरल्यावर नायट्रेट साधारण निम्म्यावर येतं, पूर्ण जात नाही.

वाळलेल्या कडब्याची बॅग करायला जाऊ नये. मालदांडीचा कडबा गंजीत झाकून वर्ष-दोन वर्षं राहतो, त्याला बॅगेची गरज नाही. खिल्लार बैल आणि भाकड जनावरं कडब्यावर चांगली राहतात. मुरघास दुभत्या संकरित गाईला, मुऱ्हा किंवा पंढरपुरी म्हशीला राखावा.

४५ दिवसांनी बॅग उघडल्यावर काय दिसतं, ते शिकवायला हवं आणि तिथेच शिकवणं कमी पडतं. मुरघासाची बहुतेक प्रात्यक्षिकं तोंड बांधून, फोटो काढून संपतात. नासाडी त्यानंतर होते. प्रशिक्षण घेणाऱ्यांनी टनाच्या बॅगेआधी ५-५ किलोच्या तीन पारदर्शक पिशव्या भराव्यात. एक दाबून हवा काढलेली, एक सैल, एक दाबलेली पण दाभणानं एक भोक पाडलेली. संशोधनातही छोट्या बरण्यांत असंच मुरवून तुलना करतात. दीड महिन्यानं तिन्ही शेजारी शेजारी फोडल्या की व्याख्यान लागत नाही. पहिलीतून आंबट ताकासारखा वास येतो, रंग पिवळसर हिरवा, पीएच पट्टीवर ३.८ ते ४.२. दुसरी तपकिरी होते, तंबाखूसारखा करपट वास येतो. जनावरं ती आवडीनं खातात, पण तापल्यामुळे तिच्यातली प्रथिनं पचत नाहीत. तिसरीत भोकाभोवती निळसर बुरशीचं कडं असतं. वांती येईल असा कुबट वास येत असेल तर चारा फार ओला किंवा मातकट होता. बुरशीचा आणि कुबट माल उकिरड्यावरच टाकावा, गाभण जनावराला तर चुकूनही नको. नासका मुरघास खाऊन शेळ्या-मेंढ्यांना लिस्टेरिया या जिवाणूची बाधा होते, जनावर एका अंगाला गोल फिरायला लागतं. जतकडे माडग्याळ मेंढ्यांचे कळप असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

उघडल्यापासून रोज निदान ३-४ इंचांचा थर निघाला पाहिजे, नाहीतर उन्हाळ्यात उरलेला तापतो. ४ गाईंना प्रत्येकी १५ किलोप्रमाणे ६० किलो लागतात, ४ फुटी बॅगेत ते साडेतीन इंच होतात. म्हणजे काठावर पास. दोनच गाई असतील तर थर पावणेदोन इंचांवर येतो आणि बॅग संपण्याआधी निम्मी बिघडते. दोन गाईंच्या गोठ्यानं ३ फूट व्यासाची, साडेचार फूट उंचीची अर्ध्या टनाची बॅग घ्यावी, तिच्यात हाच थर सव्वातीन इंचांच्या आसपास बसतो. कोपरापर्यंत हात घालून बघावा. आत ऊब लागली तर त्या दिवशी दुप्पट थर काढून घ्यावा. काढल्यावर पृष्ठभाग सपाट दाबून, अस्तर त्यावर चिकटवून, वर वाळूची पिशवी ठेवावी.

पहिल्या दिवशी ३-४ किलोच घालावा, आठवडाभरात १५ किलोवर न्यावा. सोबत ४-५ किलो कडबा आणि खनिज मिश्रण हवंच. मुरघास धार काढल्यानंतर घालावा, आधी घातला तर दुधाला वास येतो. ३ महिन्यांखालच्या वासराला देऊ नये. शेळीला किलो-सव्वा किलो पुरे.

१ मार्च ते ३० जून या १२२ दिवसांत ४ गाईंना सव्वासात टनांच्या वर मुरघास लागतो, म्हणजे ८ बॅगा. नववी भरून ठेवावी, कारण एखादीला उंदीर-घूस लागतेच. बागायती मका एकरी २० टन हिरवा निघतो, तेव्हा १८-२० गुंठे पुरतात. हलक्या रानात एक-दोन संरक्षित पाण्यांवर एकरभर धरावा. बॅगांमध्ये माणूस जाईल एवढी वाट ठेवावी आणि आठवड्यातून एकदा बॅटरी घेऊन तळाचा फेरा मारावा. भोक दिसलं तर आसपासची धूळ ओल्या फडक्यानं पुसून, कोरडं करून, रुंद चिकटपट्टी दोन थरांत आडवी-उभी मारावी आणि त्या बॅगेवर खडूनं खूण करावी. मार्चमध्ये पहिली उघडायची ती खूण केलेली.