सहा हजारांचा कंट्रोलर, साडेआठशेची दुरुस्ती

आमचा व्हिडिओ गेमचा कंट्रोलर चौदाव्या महिन्यात गेला. वॉरंटी बारा महिन्यांची. आता गेला म्हणजे बंद पडला असं नाही, बंद पडता तर परवडलं असतं. फुटबॉलच्या गेममधला खेळाडू कोणी हात न लावता हळूहळू डावीकडे चालायला लागला. मला वाटलं चिरंजीव हरतायत आणि बहाणे सांगतायत. म्हणून कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि दोघं हाताची घडी घालून बसलो. मेन्यूतली पट्टी आपली एकेक घर सरकतेय! याला ड्रिफ्ट म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

कन्सोलच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे रडगाणं एकाच घरचं नाही. निन्टेंडोचा कन्सोल आमच्याकडे नाही, पण त्यांच्या जॉय-कॉन नावाच्या कंट्रोलरचा ड्रिफ्ट एवढा गाजला की त्यांचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी जून २०२० मध्ये ग्राहकांची माफी मागितली होती. आमच्या सर्व्हिस सेंटरवाल्याने माफीबिफी नाही, थेट भाव सांगितला. सुटा भाग मिळत नाही, नवा घ्या, सहा हजारांना दहा रुपये कमी. रंगीत हवा असेल तर आणखी वर.

मी पुण्यात धनकवडीला ब्लाउज शिवते. अस्तराच्या ब्लाउजची शिलाई सहाशे घेते. म्हणजे एका कंट्रोलरला दहा ब्लाउज, तेही गळ्याला पायपिंग, मागे नाडी आणि गिऱ्हाईकाच्या दोन फेऱ्या धरून. दुकानातल्या जुकी मशीनची सर्व्हो मोटर मी दोन वर्षांपूर्वी साडेसहा हजारांना घेतली. ती दिवसाला आठ तास चालते. हा कंट्रोलर फार तर दीड तास, तोही अभ्यास झाला तर.

ऑनलाइन अकराशेला एक मिळत होता. चिरंजीवांच्या मित्राने घेतलेला, म्हणून आधी मागून आणून बघितला. हातात घेतला तर आत काही नसल्यासारखा हलका, आणि नव्या पिढीचे गेम तो चालवतच नाही, फक्त जुने. परत दिला.

मग माझ्या मशीनच्या मेकॅनिकने तापकीर गल्ली सुचवली. स्वारगेटहून मेट्रोने मंडई, तिथून चालत बुधवार पेठेत. माळा, स्विच, वायरींचे भेंडोळे यांच्यातून अंग चोरत जायचं. ज्या दुकानाबद्दल लिहितेय त्याला पाटीच नाही. जिना चढून वर, साधारण माझ्या ट्रायल रूमएवढी जागा, एक टेबल, एक भिंग, आणि पंचविशीतला एक मुलगा. "बसा काकू," म्हणाला. मी सेहेचाळीसची आहे. बसले.

त्याने आधी कंट्रोलर केबलने लॅपटॉपला जोडला. पडद्यावर दोन वर्तुळं, त्यात दोन ठिपके. हात सोडला की ठिपका मधोमध आणि आकडा शून्य पाहिजे. आमच्या डाव्या ॲनालॉगचा, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या दांडीचा, आकडा ०.१८ वर बसलेला. "गेममध्ये डेडझोन वाढवला तर लपेल, पण आजार वाढतच जाणार," म्हणाला. डेडझोन म्हणजे दांडी मध्यापासून जेवढी हलली तरी गेम लक्ष देत नाही ती हद्द. त्याला दुरुस्तीचे पैसे हवे होते म्हणून म्हणाला असेल, पण आम्ही घरी डेडझोन वाढवूनच बघितला होता आणि दोन आठवड्यांत पुन्हा तेच, त्यामुळे मी मान डोलावली.

खोलायला त्याला पाच मिनिटं लागली. ॲनालॉगचा अख्खा डबा बोर्डाला चौदा ठिकाणी डाग देऊन बसवलेला असतो. फ्लक्स लावून, कथील वितळवून, पंपाने ओढून एकेक पाय मोकळा करायचा. हे काम घाईचं नाही. बोर्डावरची पट्टी उखडली की मग खरंच नवा कंट्रोलर. तो हे करत असताना मी एक शब्द बोलले नाही. मी काज करत असताना कोणी बोललेलं मलाही खपत नाही.

जुना डबा निघाल्यावर त्याने त्याच्या कडेचं हिरवं झाकण ब्लेडने काढलं आणि भिंगाखाली धरलं. आत काळी कार्बनची पट्टी, त्यावर घासत फिरणारी धातूची बारीक जीभ. जीभ कुठे टेकलीय त्यावरून व्होल्टेज बदलतं आणि कन्सोलला दिशा कळते. एक वरखाली, एक डावीउजवी, असे प्रत्येक ॲनालॉगला दोन. पट्टीवर बरोबर मधोमध घासून चकाकी आलेली, जशी शाळेच्या पँटला बसून बसून येते. बाजूला काळी भुकटी. सहा हजारांचं दुखणं ते एवढंसं, टाचणीच्या डोक्याएवढं.

आता गंमत ऐका. माझ्या आईच्या मशीनला जे मोटरचं पेडल होतं, त्यातही कार्बनच्याच चकत्या होत्या. झिजल्या की मशीन पाय न लावता घुरघुरायचं. आणि माझ्या आत्ताच्या सर्व्हो मोटरच्या पेडलमध्ये काय आहे? लोहचुंबक आणि सेन्सर. घासाघाशी नाहीच. मी हे बोलले तर मुलगा हसला आणि ड्रॉवरमधून नवा डबा काढून म्हणाला, "काकू, हे तेच. हॉल सेन्सर." म्हणजे माझ्या पायाखाली जे आहे ते पोराच्या अंगठ्याखाली द्यायला कंपनीला जमलं नाही. घरी आल्यावर चिरंजीवांनी भर घातली की सेगा कंपनीने १९९८ च्या ड्रीमकास्ट कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये हॉल सेन्सरच बसवले होते. तेव्हा तर हे चिरंजीव जन्मालाही यायचे होते.

भाव असा: साधा कार्बनवाला डबा बसवून साडेचारशे, हॉलवाला साडेआठशे, दोन्ही बाजू हॉल केल्या तर पंधराशे. तो म्हणाला दोन्ही करा. मी म्हटलं, उजवा चांगला चाललाय ना, मग एकच.

तक्रारीही आहेत. बिल मिळालं नाही, तीन महिन्यांची गॅरंटी त्याने एका कागदाच्या चिठोऱ्यावर पेनाने लिहून दिली. ॲनालॉग आत दाबल्यावर जो टिक आवाज येतो तो आता जरा कडक झालाय. आणि पहिल्या दिवशी घरी येऊन बघतो तर खेळाडू डावीकडे पळेचना, नुसता दुडकत होता. हॉलचा डबा बसवला की त्याचा मध्य आणि शेवट दोन्ही लॅपटॉपवर नीट लावून घ्यावे लागतात, नाहीतर दांडी पूर्ण ढकलूनही कन्सोलला अर्धीच कळते. ते त्याने घाईत केलेलं. म्हणजे पुन्हा मेट्रो, पुन्हा जिना. दहा मिनिटांत लावून दिलं, पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजला. माझा अर्धा दिवस गेला तो गेलाच. तुम्ही गेलात तर टेबलावरून उठायच्या आधी त्याच्यासमोर ॲनालॉग गोल फिरवून बघा. ठिपका वर्तुळाच्या कडेला सगळीकडे टेकला पाहिजे. आणि शनिवारी जाऊ नका, जिन्यापर्यंत रांग असते.

या गोष्टीला पाच महिने झाले. डावा ॲनालॉग ०.०० वर ठाण मांडून आहे. निघालेला जुना डबा मी बटणांच्या डब्यात ठेवलाय. ज्या बायका "एवढ्याशा अल्टरला शंभर रुपये?" विचारतात त्यांना कधीतरी दाखवीन.

एक राहिलं. दुकान बंद करून आल्यावर, सगळे झोपले की मी अर्धा तास गाडीचा गेम खेळते. चिरंजीवांना हे माहीत नाही अशी माझी समजूत आहे. परवा घाटातल्या वळणावर गाडी सरळ चाललेली आणि पडदा मात्र आपोआप उजवीकडे वळत होता. लॅपटॉपला लावून बघितलं. उजवा, ०.०७. चिरंजीव अजून काही बोललेले नाहीत. मंगळवारी तसंही अस्तर आणायला लक्ष्मी रोडला जायचंच आहे.