स्विडिश गॉगल: शर्यतीसाठी उत्तम, पण जोडणी नीट हवी

अमेरिकी जलतरणपटू मार्क स्पिट्झ इंडियाना विद्यापीठाच्या संघातून पोहायचा. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधली सातही सुवर्णपदकं त्याने गॉगल न लावता मिळवली. मायामी विद्यापीठाकडून पोहलेला ब्रिटिश जलतरणपटू डेव्हिड विल्की १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक जिंकला तो गॉगल लावून. आता कॉलेजच्या जलतरणपटूंच्या बॅगेत मालमस्टेन या स्विडिश कंपनीचा, स्वतः जोडायचा स्विडिश गॉगल हमखास सापडतो.

पाकिटात सुटे भाग मिळतात: दोन काचा, रबरी पट्टा, दोरी आणि नाकावरची छोटी नळी. काचेला गादी नसते, कडक प्लास्टिक थेट डोळ्याच्या खोबणीत बसतं. म्हणून आधी काचेच्या कडेवरून बोट फिरवा. साच्याचा कंगोरा राहिला असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा, नाहीतर त्वचा कापते.

मग पट्ट्याशिवाय काच डोळ्यावर दाबा. क्षणभर चिकटून राहिली तर माप जमलं. जमत नसेल तर हा गॉगल तुमच्या चेहऱ्याचा नाही; पट्टा आवळून काही साधत नाही.

खरी मेख नाकाच्या दोरीत आहे. दोरी नळीतून घालून एका काचेच्या भोकातून वळवा, पुन्हा नळीतून आणा, दुसऱ्या काचेतून काढा आणि टोकांना दुहेरी गाठ मारून ती नळीत ढकला. गाठ बाहेर राहिली तर नाकाला टोचते. अंतर जास्त झालं की नाकाकडून पाणी शिरतं, कमी झालं की कानशिलाकडून. एकेक मिलिमीटरने बदलत जा. घाई केली की सगळं बिघडतं, आणि बहुतेक तक्रारी इथल्याच असतात.

पट्टा मागे दोन पदरी ठेवा, एक पदर वर आणि एक खाली. क्लोरीन आणि उन्हाने रबर चिरतं, त्यामुळे अनेक जण सरळ इलॅस्टिक दोरी लावतात. सूर मारताना गॉगल निसटतो तो बहुधा मान वर राहिल्यामुळे. हनुवटी छातीकडे हवी. शर्यतीत पट्टा पोहण्याच्या एकावर एक घातलेल्या दोन टोप्यांच्या मध्ये दाबून घ्यावा.

साध्या काचेवर वाफ धरते. अँटीफॉग (वाफ न धरणारा थर दिलेली) काच घेतली तर आतून बोट लावू नका, थर निघून जातो. साध्या पाण्याने विसळून सावलीत वाळवा.

लहान मुलांना आणि गर्दीच्या तलावात निवांत पोहणाऱ्यांना मी हा सुचवणार नाही. कुणाची लाथ बसली तर कडक कडा डोळ्याभोवती जोरात लागते. त्यांनी सिलिकॉन गादीवाला घ्यावा. शर्यतीत उतरणाऱ्यांनी मात्र दोन जोड्या बांधून ठेवाव्यात, कारण झिजलेली दोरी बहुधा सूर मारतानाच तुटते.