एचडीएमआय ते एव्ही कन्व्हर्टर: लॅपटॉपमधील व्हिडिओ डीव्हीडी रेकॉर्डरवर उतरवण्याचा अनुभव

नागपुरातील सीताबर्डीच्या बाजारातून मी हा कन्व्हर्टर ५५० रुपयांना घेतला, त्यामागे कारण घरगुती होते. माझी मावशी पूर्वी महाल भागात राहत असे. आता मनीषनगरच्या तिसऱ्या मजल्यावरून तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक पाहायला जाणे तिला जमत नाही आणि मोबाइलच्या पडद्यावर तिला काळी मारबत व पिवळी मारबत यांतील रंगाचा फरक तेवढा कळतो, बडग्यांवरच्या, म्हणजे मिरवणुकीतील टीकात्मक पुतळ्यांवरच्या, पाट्या वाचता येत नाहीत. डीव्हीडी प्लेयर मात्र ती स्वतः लावते, म्हणून मिरवणुकीचा व्हिडिओ तिला डीव्हीडीवर द्यायचे ठरवले.

माझ्या लॅपटॉपला डीव्हीडी रायटर नाही, पण कपाटात जुना डीव्हीडी रेकॉर्डर होता. त्याच्या पुढच्या बाजूस डीव्ही इनपुट आहे खरे, परंतु ते कॅमकॉर्डरसाठी असून त्याला लागणारे फायरवायर हे जुने पोर्ट आजच्या लॅपटॉपवर नसतेच. त्यामुळे पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या एव्ही पिनांचा मार्ग उरला. कन्व्हर्टरला एका बाजूने एचडीएमआय केबल जोडायची, यूएसबीतून वीज द्यायची आणि दुसऱ्या बाजूच्या तीन पिना रेकॉर्डरच्या लाइन इनपुटला लावायच्या, एवढीच जोडणी आहे. आवाज न आल्यास विंडोजमध्ये आवाजाचे आउटपुट म्हणून एचडीएमआय निवडावे. माझी पहिली डिस्क मूकपटच झाली होती.

चित्राच्या दर्जाबाबत अपेक्षा माफक ठेवावी. फुल एचडी चित्र पाल या आपल्याकडील टीव्ही पद्धतीच्या ५७६ रेषांत बसवले जाते, शिवाय पिवळ्या पिनेतून रंग आणि प्रकाश एकाच तारेने जात असल्यामुळे बारीक अक्षरांच्या कडांवर ठिपके सरकताना दिसतात. म्हणजे बडग्यांवरच्या मोठ्या पाट्या वाचता आल्या, लहान अक्षरे गेलीच. याहून अधिक खटकली ती हालचाल: मोबाइलने सेकंदाला ३० चौकटी टिपलेल्या आणि पालमध्ये २५ मावतात, त्यामुळे कॅमेरा गर्दीवरून फिरवला की चित्र हलके अडखळते. कन्व्हर्टरवरील पाल-एनटीएससी बटण आणि रेकॉर्डरची सेटिंग दोन्ही एनटीएससीवर, म्हणजे सेकंदाला ३० चौकटींच्या अमेरिकी टीव्ही पद्धतीवर, नेल्यावर अडखळणे जवळजवळ थांबले. रेषा ५७६ वरून ४८० वर आल्या, पण मिरवणुकीसाठी हा सौदा मला परवडला. मात्र मूळ चित्रीकरण २५ चौकटींचे असेल तर हे बटण पालवरच ठेवावे.

माणसे उंच व किडकिडीत दिसू लागली तेव्हा मला कन्व्हर्टरच सदोष वाटला. प्रत्यक्षात तो १६:९ चे चित्र पूर्ण चौकटीत दाबून बसवतो आणि रेकॉर्डर त्याला ४:३ समजून नोंदवतो. टीव्हीवर वाइड निवडताच चेहरे पूर्ववत होतात. मावशीला रिमोटचे ते एक बटण शिकवावे लागले, आणि तेवढ्यासाठी मनीषनगरची एक फेरी जास्तीची झाली.

उतरवण्याचे काम चित्राच्याच वेगाने होते, म्हणजे पावणेदोन तासांच्या मिरवणुकीला पावणेदोन तास. तेवढा वेळ लॅपटॉपला हात लावू नये, स्क्रीनसेव्हर व सूचना बंद ठेवाव्यात. नाहीतर बॅटरी संपत आल्याची सूचनाही पिवळ्या मारबतीच्या मागोमाग डिस्कवर कायमची जाऊन बसते. रेकॉर्डरवर एसपी हा नेहमीच्या दर्जाचा मोड ठेवावा, त्यात ४.७ जीबीच्या डिस्कवर दोन तास मावतात. एलपी या कमी दर्जाच्या मोडमध्ये चार तास मावतात, पण गर्दीच्या दृश्यांत चित्र चौकोनांत फुटते. शेवटी डिस्क फायनलाइज, म्हणजे रेकॉर्डरवरच नोंदणी पूर्ण करून बंद, केल्याशिवाय ती दुसऱ्या प्लेयरवर सहसा चालत नाही. मी आधी पुसून पुन्हा वापरता येणाऱ्या डीव्हीडी-आरडब्ल्यूवर चाचणी घेतली आणि सगळे जमल्यावरच एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी-आर वापरली.

एकच तक्रार राहते. कन्व्हर्टर तासाभरात चांगलाच तापतो. नागपुरात मे महिन्यात हे काम मी दुपारी करणार नाही; कूलरच्या वाऱ्यातही तो हाताला चटका देत होता, तरी चित्र मध्येच तुटल्याचे एकदाही झाले नाही.