बिनकागदाचे बोर्ड

मागच्या पावसाळ्यात गिटारचं पेडल (गिटारचा आवाज बदलणारा, पायाने दाबायचा डबा) घरी जोडताना दोन महिने मी स्वतःच्या हाताला शिव्या घालत होते. एकेक सोल्डर तीन-तीनदा काढून परत भरला. त्या उचकाउचकीत सर्किट बोर्डावरची तांब्याची दोन वर्तुळं निघून हातात आली. सोल्डरिंग आयर्नचं टोक बदललं, चष्म्याचा नंबरसुद्धा तपासून आले. आपल्याला कोणी फसवलं असेल हे डोक्यातच आलं नाही. दोष आपलाच वाटावा, अशीच त्या फसवणुकीची मांडणी होती.

आम्ही चौघं शनिवारी नागपुरात प्रतापनगरच्या एका खोलीत वाजवतो. बँड म्हणायला जीभ धजत नाही, पण चार वर्षं टिकलोय. मी गिटारवर. गिटारचं नावाजलेलं पेडल घ्यायचं तर एकेकाचेच आठ-दहा हजार जातात, आणि उघडून पाहिलं तर आत असतं काय? ओव्हरड्राइव्हमध्ये, म्हणजे आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलमध्ये, आठ पायांची एक चिप, दोन ट्रान्झिस्टर, दोन-चार डायोड आणि मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर. हे सगळं बर्डीच्या बाजारात दोन-तीनशेत सुटं मिळतं. महाग पडतो तो अ‍ॅल्युमिनियमचा डबा आणि पायाने दाबायचा नऊ पायांचा स्विच. तेव्हा स्वतःच बनवू, असं ठरलं.

इन्स्टाग्रामवर एक विक्रेता सापडला. मराठी बोलणारा, गोड, प्रत्येक वाक्याला 'मॅडम'. निळेशार छापील बोर्ड, 'स्वतःचं डिझाइन', 'पूर्ण बिल्ड डॉक्युमेंट सोबत'. मी आधी डॉक्युमेंट मागितलं होतं, हे मुद्दाम सांगते, कारण मी अगदीच भोळी नव्हते. तो म्हणाला, "डिझाइन चोरतात लोक मॅडम. पेमेंट झालं की लिंक देतो." मला ते पटलं. पटायला कारण होतं. १९९०च्या दशकात निघालेल्या क्लॉन सेंटॉर या अमेरिकन पेडलच्या बोर्डावर नक्कल होऊ नये म्हणून काळा इपॉक्सी ओतलेला असायचा, हे मला माहीत होतं. थोडी माहिती असणाऱ्याला फसवणं किती सोपं असतं ते असं.

चौघांनी तीन-तीन बोर्ड घेतले: ओव्हरड्राइव्ह, फझ (आवाज आणखी फाटका करणारं) आणि डिले (प्रतिध्वनी देणारं). बोर्डाचे ९०० रुपये, म्हणजे एकूण १०,८००. पैसे मी गोळा केले आणि यूपीआयने पाठवले. पानाचं नाव एक आणि यूपीआयवर उमटलेलं नाव दुसरंच, हे तेव्हाच दिसलं होतं. "भावाचं अकाउंट आहे," म्हणाला. असेल बापा.

बोर्ड आठ दिवसांत आले आणि खरंच देखणे होते. डॉक्युमेंट मात्र दोन पानांचं. पहिल्या पानावर तयार पेडलचा फोटो. दुसऱ्यावर तक्ता: डाव्या रकान्यात आर१, आर२, सी१, सी२ अशी ओळीने नावं आणि उजवा रकाना कोरा. तळाशी बारीक अक्षरात, 'मूल्ये आवृत्ती २ मध्ये'. सर्किटचा नकाशा नाही, स्विचच्या नऊ पायांना कोणती वायर कुठे जाते त्याचं चित्र नाही. बोर्डावरही तसंच, नुसते क्रमांक. आर७च्या जागी १ के (हजार ओहम) लावायचा की १० लाख ओहमचा, हे बोर्डाकडे बघून कोणी सांगू शकत नाही.

आवृत्ती २ कधी येणार विचारलं तर उत्तर आलं, "तोवर पार्ट्स पॅक घ्या ना मॅडम, त्यात चिठ्ठी असते." माणशी १,४०० प्रमाणे चौघांचे ५,६००. माझ्या फझसाठी 'तपासून जुळवलेली' एसी१२८ जर्मेनियम ट्रान्झिस्टरची जोडी वेगळी, १,३०० रुपये. कोरा रकाना ही चूक नव्हती, ती त्याची दुकानदारी होती. जे कागदावर फुकट यायला हवं होतं, ते पुड्या बांधून विकत होता.

ओव्हरड्राइव्ह आधी जोडलं. स्विच दाबला, लाल दिवा लागला, आवाज गायब. परत दाबला, दिवा गेला आणि गिटारचा साधा आवाज आला. त्याला व्हिडिओ पाठवला. "एलईडी लागतोय ना? मग बोर्ड ओके आहे. कोल्ड जॉइंट असणार. बाकी कोणालाच हा प्रॉब्लेम नाही." कोल्ड जॉइंट म्हणजे नीट न धरलेला सोल्डर, म्हणजे दोष माझ्या हाताचा.

त्याचं हे उत्तर लक्षात ठेवा, कारण त्यात दोन खोट्या गोष्टी आहेत. दिव्याचा आणि सर्किटचा काही संबंध नसतो. त्या नऊ पायांपैकी तीन फक्त दिवा लावतात आणि बाकीचे सहा गिटारचा आवाज बोर्डातून न्यायचा की बोर्डाला वळसा घालून, ते ठरवतात. बोर्ड मेलेला असला तरी दिवा झकास लागतो. दुसऱ्या खोट्याकडे नंतर येते.

मग 'सपोर्ट कॉल' सुरू झाले, एकाचे ४९९. कॅमेऱ्यासमोर मी बोर्ड धरायचा आणि त्याने म्हणायचं, "तो डावीकडचा जॉइंट मला डल वाटतोय." असे दोन कॉल झाले. एकूण १८,६९८ रुपये. दरम्यान डिलेवरचा, व्होल्टेज पाचवर आणणारा ७८एल०५ रेग्युलेटर बोर्डावरच्या चित्राबरहुकूम लावला, तर मिनिटभरात एवढा तापला की बोटाला फोड आला, आणि पाच व्होल्टवर चालणारी पीटी२३९९ चिपही गेली. चित्राचा फोटो पाठवला, तर म्हणे ते चित्र वरून बघायचं नाही, खालून बघायचं! आणि नवीन चिप हवी असेल तर आहे त्याच्याकडे. आमच्या बेसवाल्याचं अडॅप्टर गेलं ते वेगळंच. एसी१२८ वापरून केलेल्या त्या फझमध्ये जमीन, म्हणजे सर्किटचं ग्राउंड, इतर पेडलांच्या उलट वीजपुरवठ्याच्या धन टोकाला असते. १९६६ च्या मूळ फझ फेसमध्येही तशीच होती. तसलं पेडल बाकीच्या पेडलांसोबत एकाच अडॅप्टरवर लावलं की सरळ शॉर्ट होतो. डॉक्युमेंटमध्ये याबद्दल एक ओळ नव्हती.

शेवटी महालात मामांकडे गेले. गांधी गेटजवळ त्यांचं दुकान, पूर्वी टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं. आता मिक्सर आणि कूलरचे पंप येतात. त्यांनी बोर्ड उलटसुलट केला.

"कागद कुठी आहे याचा?"

"नाही मामा."

"मंग पैसे कायले देल्ले? बिनकागदाची जमीन घेते का कोणी?"

मग त्यांनी मोबाइलचा टॉर्च बोर्डामागे धरला. निळ्या रंगातून तांब्याच्या वाटा गडद रेघांसारख्या दिसू लागल्या. मी वहीत एकेक रेघ उतरवत गेले, ते मल्टीमीटरची टोकं टेकवून 'पी' असा आवाज येतो का बघत गेले. दीड तास लागला, मध्ये एकदा चहा. वहीत जे उमटलं ते कोणाचं स्वतःचं डिझाइन नव्हतं. ट्यूब स्क्रीमर या जपानी ओव्हरड्राइव्ह पेडलचं सर्किट, ४५५८ चिपवालं, जगभर उघड असलेलं. ते शब्दशः उतरवलं होतं आणि उतरवताना एक रेघ गाळली होती.

मामांनी चालू बोर्डावर मल्टीमीटर लावला. चिपच्या आठव्या पायावर ९.१ व्होल्ट, चौथ्यावर शून्य. बरोबर. तिसऱ्यावर कधी ०.४, कधी १.१, हात जवळ नेला की आकडा हलतो. "इथं निम्मे पाह्यजे. साडेचार. हा पाय हवेत लटकून राह्यला." नऊ व्होल्टचे निम्मे करणारे दोन रेझिस्टर बोर्डावर होते, पण ते साडेचार व्होल्ट पुढे नेणारी तांब्याची वाटच छापलेली नव्हती. माझे हात सोन्याचे असते तरी तो बोर्ड वाजला नसता. बारा बोर्डांपैकी असे चार आमच्याकडे होते.

मामांनी एक वायर टाकली. आवाज आला, पण मरतुकडा. चिठ्ठीत नाव २एन५०८८ आणि पुडीत ट्रान्झिस्टर बीसी५४७. सपाट बाजू समोर धरली तर पहिल्याचे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर आणि दुसऱ्याचे बरोबर उलटे. चित्राप्रमाणे लावला की तो उलटाच बसतो. दोन्ही काढून फिरवून बसवले आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा ते पेडल गुरगुरलं. दुकानात कूलर दुरुस्तीला आलेल्या एका काकांनी कानावर हात ठेवले.

जर्मेनियमची जोडी मी सगळ्यात शेवटी काढली, कारण तिचाच मला अभिमान होता. मामांनी मल्टीमीटर डायोड मोजायच्या सेटिंगवर ठेवून टोकं लावली. आकडा आला ०.६६. जर्मेनियम असता तर ०.२ ते ०.३ च्या आसपास आला असता. सहा-सात दशांश म्हणजे साधं सिलिकॉन, वर एसी१२८ छापलेलं. ते काही बोलले नाहीत. फळीवरून बोर्नव्हिटाचा जुना डबा काढला आणि त्यातून मोडक्या रेडिओंमधून काढून ठेवलेले, भारत इलेक्ट्रॉनिक्सचे खरे एसी१२८ माझ्या तळहातावर ठेवले. फुकट. (खऱ्या जर्मेनियमचेही नखरे आहेत. हिवाळ्यात माझं फझ मखमलीसारखं वाजायचं. यंदा नवतप्यात दुपारी लावलं तर गळा दाबल्यासारखं घरघरायला लागलं. उष्णतेने त्यातली विजेची गळती वाढते आणि सगळं गणित सरकतं. नागपुरात जर्मेनियम फझ वाजवायचं तर कूलरसमोर बसून, आणि मग कूलरच्या मोटरची घरघर अँपमधून ऐकत.)

आता ते दुसरं खोटं. विक्रेत्याच्या पानावर 'समाधानी ग्राहक' म्हणून कोल्हापूरच्या एका मुलाने बनवलेल्या पेडलचा फोटो होता, दिवा लागलेला. त्या मुलाला निरोप टाकला. त्याचं पेडल कधीच वाजलं नव्हतं. त्यानेही दिवा लागल्याचा फोटो मदतीसाठी पाठवला होता आणि विक्रेत्याने तोच जाहिरातीला लावला. शिवाय त्या मुलाने गळालेली रेघ आमच्या ऑर्डरच्या चार महिने आधी शोधून विक्रेत्याला चित्रासकट कळवली होती. म्हणजे "बाकी कोणालाच प्रॉब्लेम नाही" म्हणताना त्याला बोर्ड कुठे मेलेला आहे ते नेमकं ठाऊक होतं, आणि तरी ४९९ रुपये घेऊन तो मला डावीकडचा जॉइंट दाखवत होता. चूक कोणाचीही होते, पण हे चुकीत बसत नाही.

मग त्याचा डेमो व्हिडिओ आवाज मोठा करून पुन्हा पाहिला. त्यात तो टोनचं बटण डावीकडून पार उजवीकडे नेतो आणि आवाज तसूभरही बदलत नाही. म्हणजे तो आवाज त्या पेडलचा नव्हताच. मी तो व्हिडिओ ऑर्डर देण्याआधी दहा वेळा तरी पाहिला असेल. तेव्हा बोर्डाचा रंग बघत होते.

तक्रारीचंही सांगते. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा पैसे जाऊन तीन महिने झाले होते. हा फोन तासाभरात करायचा असतो, पैसे पुढे सरकायच्या आत. ग्राहक आयोगाची वाट अजून उघडी आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. पण माझ्याकडे बिल नाही, यूपीआयवरचं नाव वेगळं आणि पार्सलवरचा पत्ता एका कुरिअरच्या काउंटरचा. तक्रार टाकली आहे, नोटीस परत आली आहे. इतर तिघांचे पैसे मी हप्त्याने फेडले. ते नको म्हणत होते, पण गोळा मीच केले होते.

आता मी बोर्ड घेते तेव्हा नकाशा, मूल्यांसकट यादी, वायरिंगचं चित्र आणि चिपच्या प्रत्येक पायावर किती व्होल्ट यावेत त्याचा तक्ता पैसे द्यायच्या आधी बघते. प्रामाणिक माणसं हे सगळं उघड ठेवतात, अगदी बोर्ड न घेणाऱ्यालाही. 'नंतर देतो' म्हणणाऱ्याला मी 'नंतर घेते' म्हणते.

तुमच्याकडे तो निळा ओव्हरड्राइव्ह बोर्ड पडला असेल तर फेकू नका. निम्मा व्होल्टेज करणारे १० के चे दोन रेझिस्टर जिथे एकमेकांना भेटतात, तिथून इन्सुलेशनवाली एक वायर मागच्या बाजूने घ्या. चिपच्या तिसऱ्या पायाला जो तिसरा १० के जोडलेला आहे, त्याच्या दुसऱ्या टोकाला ती लावा. पुडीत बीसी५४७ आले असतील तर दोन्ही चित्राच्या उलट बसवा. मग तिसऱ्या पायावर मल्टीमीटर लावून बघा, साडेचारच्या जवळपास आकडा यायला हवा. चिप काढून ठेवून आधी हे मोजलंत तर आणखी बरं.